रोजकीर्द

“ज्वारी कुठं लिहिलीस?”

अण्णांनी माझी वही दोनदा चाळली आणि पहिला प्रश्न विचारला तो हा. १९९५ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. शंभर पानी वही, वर ठळक अक्षरात ‘हिशोब’ लिहिलेलं. आत खडू, पाट्या, गूळ, शेंगदाणे, रॉकेल असा खर्च ओळीनं मांडलेला. वही चोख आहे असं मला वाटत होतं. त्या वर्षीच्या सुगीत सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या वैराग आणि आसपासच्या गावांतल्या बायकांनी आमच्या बालवाडीसाठी पसा-पसा ज्वारी दिली होती. तीच दळून आम्ही पारधी वस्तीवरच्या पोरांना दुपारी भाकरी करून घालायचो. ती ज्वारी वहीत कुठंच नव्हती.

“ती काय विकत आणलीय का, अण्णा? लोकांनी दिलीय.”

“दिली म्हणूनच लिहायची. तुझ्या पैशानं आणली असतीस, तर नसतीस लिहिली तरी तुझं तुझ्यापाशी. लोकांचं आहे ते लोकांना दिसलं पाहिजे.”

मग त्यांनी फळीवरून लाल कापडी बांधणीची उभी वही काढली, रोजकीर्द. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. कुणाच्या घरून किती आली हे मला आठवायला लावलं. कुणाची मापटं, कुणाची पायली, एका घरची तर फक्त ओंजळभर. सगळी बेरीज करून त्यांनी तिचा बाजारभाव धरला. जमा बाजूला लिहिलं, ‘ज्वारी, गावकऱ्यांकडून देणगी’ आणि समोर नावे बाजूला, ‘बालवाडी आहार’. दोन्हीकडे आकडा एकच. मला त्यातलं काही कळलं नाही. इकडून आली, तिकडून संपली, शिल्लक शून्य. मग लिहायचं कशाला? अण्णा म्हणाले, “आज नाही कळणार. लिहीत जा.”

या माणसाचं देणं माझ्यावर आहे. गेली कैक वर्षं मनात होतं की ते कुठंतरी लिहून ठेवावं. तेही रोजकीर्दीत घ्यायचं राहून गेलेलं.

अण्णा वैरागच्या बाजारपेठेत एका आडत दुकानावर दिवाणजी होते. अडतीस वर्षं त्यांनी शेतकऱ्यांच्या पट्ट्या लिहिल्या. ज्वारी, तूर, हरभरा, करडई. हमाली, तोलाई, आडत वजा जाता हातात किती. शिक्षण जुनी सातवी. अक्षर मात्र असं, की परगावचे व्यापारी त्यांच्या हातची पट्टी ओळखायचे. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची, सासर वैरागचं, पदरात एक मुलगी. सासऱ्यांचे ते मित्र, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणू लागले. ते मला ‘पोरी’ म्हणत आणि रागावले की ‘सेक्रेटरीबाई’.

सेक्रेटरी मी झाले ती किल्लारीच्या भूकंपामुळे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे आमच्याही घरातली भांडी वाजली होती. आठवडाभरानं वैरागच्या बायकांनी भाकरी, चटण्या, लुगडी गोळा केली आणि ट्रकात बसून आम्ही चौघीजणी तिकडं गेलो. जे पाहिलं ते इथं लिहीत नाही. पण पुढं तिकडच्या आणखी दोन फेऱ्या झाल्या, तेव्हा एक वेगळं चित्र दिसलं. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं प्रेमा गोपालन यांच्या पुढाकारानं गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केलं होतं. चौथी-पाचवी शिकलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या त्या बायका इंजिनिअरला विचारत होत्या, या भिंतीत बंधपट्टी कुठं घातली? घरदुरुस्तीच्या हप्त्याचा हिशोब मागत होत्या. मी बारावी झालेली; मला त्यातलं काही येत नव्हतं. माणसाला शिकवलं तर तो काय होऊ शकतो, हे मी पुस्तकात वाचलं नाही, लातूर-उस्मानाबादच्या पत्र्याच्या शेडमध्ये बघितलं.

परत आल्यावर मी वैरागपासून जवळच्या गायरानावर पारध्यांच्या पालांकडे जायला लागले. सात-आठ कुटुंबं होती. फाशात तितर-लाव्हे धरणारे म्हणून फासेपारधी हे नाव. शिकार बंद झालेली, शेताची राखण हे एकच काम उरलेलं, आणि पाच कोसांवर कुठं चोरी झाली तरी पोलिसांची पहिली गाडी यांच्या पालांपाशी थांबायची. लिंबाच्या झाडाखाली बालवाडी भरू लागली. पुढं संस्था काढायचं ठरलं, तेव्हा अण्णांनी अट घातली: सात जणांत दोघी वस्तीवरच्या पाहिजेत. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात माणसं लागतात, त्यांतले सगळे गावातले का, असा त्यांचा सवाल होता. सोलापूरच्या धर्मादाय कार्यालयात आम्ही किती खेपा घातल्या याची मोजदाद नाही. वैरागहून एस.टी.नं जायचं, कागद द्यायचा, एक शिक्का कमी म्हणून परत यायचं. अण्णा प्रत्येक खेपेला बरोबर असायचे. तिकिटाचे पैसे कधी मला देऊ दिले नाहीत आणि वहीत लिहूही दिले नाहीत. लोकांची ज्वारी लिहायची आणि स्वतःचं तिकीट लिहायचं नाही, यावर मी एकदा भांडले. ते नुसते खिडकीबाहेर बघत बसले.

नोंदणी झाली आणि मला वाटलं, आता अनुदान मिळेल. तेव्हा कळलं ते असं. केंद्र सरकारनं १९८६ साली ‘कपार्ट’ नावाची संस्था काढली होती, खेड्यांत काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना पैसा देण्यासाठीच. पण अर्ज करायचा तर संस्था तीन वर्षं जुनी हवी. जवळपास सगळ्या दात्यांचा नियम हाच: तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल जोडा. ज्यांच्याकडे पैसा नाही त्यांनी तीन वर्षं पैशाशिवाय काम करून दाखवायचं आणि त्या बिनपैशाच्या कामाचा हिशोब सनदी लेखापालाकडून तपासून आणायचा. मी हा नियम चुकीचा म्हणत नाही, रात्रीत उगवणाऱ्या संस्था मीही बघितल्या. पण या तीन वर्षांत खेड्यातल्या किती चांगल्या संस्था मरतात, याची नोंद कुठल्याही अहवालात नसते. कारण मेलेली संस्था अहवाल पाठवत नाही.

आमची संस्था मेली नाही, कारण अण्णांनी मला त्या तीन वर्षांत रोज संध्याकाळी अर्धा तास बसवून लिहायला शिकवलं. त्यांचे नियम थोडेच. रोजचं रोज लिहायचं. पावतीशिवाय पैसा घ्यायचा नाही, व्हाउचरशिवाय द्यायचा नाही. शिल्लक मोजल्याशिवाय वही मिटायची नाही. आणि खाडाखोड नाही. चूक झाली तर गिरवायचं नाही, खोडरबर नाही, पान फाडणं तर नाहीच. चुकलेल्या शब्दावर एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता येईल अशी, वर बरोबर शब्द लिहायचा आणि शेजारी सही करायची. “चूक लपली की ती चोरी होते,” असं ते म्हणत.

काकू, म्हणजे अण्णांच्या पत्नी, त्या अर्ध्या तासात चहा आणून ठेवायच्या आणि माझ्या मुलीला मांडीवर घेऊन बसायच्या. त्यांचंही देणं आहे.

१९९८ साली पुण्याला पहिल्यांदा प्रशिक्षणाला गेले. पुण्यात तेव्हा लहान संस्थांसाठी शिबिरं होत असत. ‘अफार्म’सारखी स्वयंसेवी संस्थांची शिखर संस्था होती, उरुळीकांचनची ‘बाएफ’ होती, सरकारची ‘यशदा’ होती. तिथं मला पहिल्यांदा कळलं की आमच्यासारख्या संस्था महाराष्ट्रभर आहेत आणि सगळ्यांची एकच रड आहे. माझ्या शेजारी नंदुरबारकडची एक भिल्ल कार्यकर्ती होती, पलीकडे गडचिरोलीचा एक मुलगा. प्रस्ताव कसा लिहायचा हे शिकवत होते. समस्या काय, कुणाची, तुम्ही काय करणार, त्यानं काय बदलेल, ते बदललं हे कशावरून कळेल, खर्च किती, आणि आम्ही पैसा थांबवल्यावर हे काम कोण चालवेल. हा शेवटचा प्रश्न आला की वर्ग गप्प व्हायचा.

प्रशिक्षक बाईंनी मला उभं केलं. “तुमच्या कामानं काय बदलेल, एका वाक्यात सांगा.” मी दहा मिनिटं बोलले. पोरं कशी येतात, पोलीस कसे येतात, पावसात पालं कशी गळतात. बाई शांतपणे म्हणाल्या, “हे सगळं खरं आहे. आता एक वाक्य.” मला जमलं नाही. रात्री नंदुरबारची मैत्रीण म्हणाली, “आपल्याला वाक्य येत नाही म्हणून त्यांना वाटतं आपल्याला काम येत नाही.” आणि तिनं माझं वाक्य मला बांधून दिलं. तिच्या मोडक्यातोडक्या मराठीतून ते इतकं नेमकं आलं, की मी तेच प्रस्तावात घातलं: तीन वर्षांत या वस्तीवरचं एकही मूल सहाव्या वर्षी शाळेबाहेर नसेल, आणि प्रत्येक घरात शेतराखणीशिवाय एक कमाई असेल. ती मैत्रीण पुन्हा भेटली नाही. तिचं देणं मात्र त्या प्रस्तावाच्या प्रत्येक प्रतीवर आहे.

त्या प्रस्तावात एक रकाना होता, ‘संस्थेचा व लोकांचा स्वतःचा वाटा’. बँकेत आमची शिल्लक हजाराच्या आत. मी तो रकाना मोकळा सोडून अण्णांपुढे कागद ठेवला. ते उठले, तिन्ही वर्षांच्या रोजकीर्दी काढल्या आणि ज्वारीच्या नोंदी एकेक करून बोटानं दाखवत गेले. पायली-मापट्यानं आलेली, दरानं गुणलेली, लेखापरीक्षकानं तपासलेली ज्वारी. शिवाय लिंबाखाली ओटा बांधला तेव्हाचं श्रमदान, त्या वर्षीच्या मजुरीच्या दरानं. बेरीज केली तर वाटा मागितल्यापेक्षा जास्त भरला. मी त्या बेरजेकडे बघत बसले. ज्या घरातून ओंजळभर ज्वारी आली होती, त्या विधवा बाईची ओंजळही त्यात होती.

२००० साली पहिलं अनुदान आलं. बायकांसाठी शेळीपालनाचं प्रशिक्षण आणि बारा शेळ्या. खरा धडा इथं सुरू झाला आणि तो शिकवणारी होती वस्तीवरची आजी. वय साठीचं, अंगानं वाळलेली, आवाज खणखणीत. शिबिराच्या पहिल्या दिवशी मी हजेरीपट काढला. बायकांना सही येत नव्हती, म्हणून शाईचा पॅड. नाव वाचायचं, अंगठा घ्यायचा. दुसरं नाव होईपर्यंत अर्ध्या बायका उठून पालांकडे चालू लागल्या.

आजी माझ्यापुढं येऊन उभी राहिली. “बाई, तू बी हजेरी घेती व्हय?”

मला समजेना. शिबिराला हजेरी लागतेच. हजेरी नसेल तर दुसरा हप्ता येणार नाही, हे मी तिला समजावू लागले. ती म्हणाली, “माझा बा हजेरी देत हुता. पाटलाकडं. सांजच्याला दिली न्हाई की रातीला शिपाई. काळ्या शाईत धाई बोटं बुडवली हुती त्येची. तवा म्या एवढीशी. तू आमची पोरं शिकीवती म्हनून तुला येऊ दिली. हजेरी न्हाई द्याची.”

इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ च्या दुसऱ्या कायद्यानं तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. जन्मानंच माणसाला गुन्हेगार ठरवणारा कायदा. जमातीची नोंदवही, बोटांचे ठसे, ठरल्या वेळी हजेरी, परवान्याशिवाय गाव सोडायचं नाही. सोलापुरात तर तारेच्या कुंपणात वसाहत होती. आत डांबलेली माणसं गिरण्यांत राबायची आणि पुन्हा कुंपणात यायची. शहराच्या त्या भागाला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. देशभरातून हा कायदा गेला ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणून या जमातींना विमुक्त म्हणायचं. सोलापूरचेच बाळकृष्ण रेणके पुढं भटक्या-विमुक्तांच्या राष्ट्रीय आयोगाचे अध्यक्ष झाले आणि २००८ साली त्यांनी अहवाल दिला. हे सगळं मी नंतर वाचलं. त्या दिवशी मला एवढंच दिसलं, की माझ्या हातातला पॅड आणि तिच्या बापाची दहा बोटं ज्यात बुडवली ती शाई, यांत तिच्या डोळ्यांना काही फरक नाही. शब्दही तोच. मी पाच वर्षं त्या वस्तीवर जात होते आणि मला हे माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा माझ्याबरोबर आले. गायरानावर ते पहिल्यांदाच येत होते. एवढी वर्षं आमचा हिशोब लिहिला, पण वस्ती पाहिली नव्हती. आजीनं बसायला पोतं टाकलं. बराच वेळ कुणीच बोललं नाही. मग अण्णांनी विचारलं, “आजी, पैसा तुमच्या नावावर आलाय. तो तुमच्यावरच खर्च झाला, हे वरच्याला कसं कळावं? तुम्ही सांगा.”

आजी म्हणाली, “आमच्या नावावर आलाय तर आमास्नी सांगितला का, किती आलाय?”

अण्णा माझ्याकडे वळले. “सांगितलास?”

मी नाही सांगितला.

“मग आदी हिसेब वाच,” आजी म्हणाली. “ऐकल्यावर बघू, अंगठा द्यायचा का न्हाई.”

परत येताना अण्णा पायी चालत होते, सायकल हातात धरून. मला म्हणाले, अडतीस वर्षं पट्ट्या लिहिल्या, एकाही शेतकऱ्यानं ‘आधी वाच’ म्हटलं नाही. आणि मग, खूप पुढं आल्यावर, “मीही कधी वाचून दाखवली नाही, पोरी.” त्यांचा आवाज तसा मी आधी कधी ऐकला नव्हता.

तेव्हापासून अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी वस्तीवर हिशोबवाचन सुरू झालं. मी लाल वही घेऊन जायची आणि जमा-नावे मोठ्यानं वाचायची. पोरं-बायका-पुरुष, कुत्रीसुद्धा भोवती. पहिल्या वाचनात चौथ्याच ओळीला आजीनं थांबवलं. ‘शिबिरास चहा-बिस्किटे, महिला २५.’

“पंचवीस कुटनं आल्या?” तिनं बोटांवर नावं मोजली. अमकी माहेरी, तमकी बाळंतीण, उठून गेलेल्यांतल्या दोघी परत न आलेल्या. “सतराजणी हुत्या.”

सतराच होत्या. मंजूर अंदाजपत्रकात पंचवीस धरल्या होत्या, म्हणून मी पंचवीसचं बिल घेतलं होतं. वाचलेल्या पैशांतून पोरांना पाट्या आणल्या होत्या. एक पैसा घरी नेला नव्हता. पण वहीत खोटं लिहिलं होतं. असं सगळेच करतात, हे मी प्रशिक्षणाच्या वेळी रात्रीच्या गप्पांत ऐकलं होतं आणि मला ते शहाणपण वाटलं होतं. मी अण्णांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. त्या क्षणासारखी लाज मला पुन्हा कधी वाटली नाही.

त्या रात्री मी त्या नोंदीवर एक रेघ मारली, वर ‘१७’ लिहिलं, सही केली. पाट्यांची वेगळी नोंद घेतली आणि दात्या संस्थेला सगळं पत्रानं कळवलं. पुढचा हप्ता तीन महिने उशिरा आला. त्या तीन महिन्यांत एक शेळी विकावी लागली. पण हप्ता आला.

अंगठ्याचं काय झालं, हे लोक विचारतात. बाकीच्या बायका वाचन झाल्यावर अंगठा देऊ लागल्या. आजीनं कधीच दिला नाही. तिच्या व्हाउचरवर अण्णा लिहीत, ‘रक्कम समक्ष दिली’, आणि खाली दोघा साक्षीदारांच्या सह्या घेत. लेखापरीक्षकानं एका वर्षी आक्षेप घेतला, तेव्हा अण्णा स्वतः बार्शीला जाऊन त्यांना आजीच्या बापाची गोष्ट सांगून आले. आक्षेप निघाला.

या कामात पुढं बरंच बघायला मिळालं. तुळजापूर तालुक्यातल्या यमगरवाडीला गेले. तिथं भटके विमुक्त विकास प्रतिष्ठाननं १९९३ पासून पारधी आणि इतर भटक्यांच्या पोरांसाठी शाळा-वसतिगृह चालवलंय. ते उभं करणाऱ्या गिरीश प्रभुणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. गडचिरोलीत मेंढा (लेखा) या गोंड गावात चार दिवस राहिले. तिथं बाहेरचा कुणीही योजना घेऊन आला की ती ग्रामसभेपुढं जाते आणि सगळ्यांच्या सहमतीशिवाय निर्णय होत नाही. सामूहिक वनहक्क पहिल्यांदा मिळवणाऱ्या गावांत ते आहे, २००९ साली. अभ्यास गटात बाहेरच्यानं माहिती द्यायची, सल्ला द्यायचा, निर्णय मात्र गावाचा. मला तिथं बसल्या बसल्या आमच्या गायरानावरचं पोतं आठवलं. आजीला ग्रामसभा हा शब्द माहीत नव्हता. तिनं एकटीनं तीच भरवली होती.

आता जे नव्यानं संस्था काढतात, त्यांतल्या पोरी माझ्याकडे येतात. कागद वाढलेत. नोंदणी, बारा-अ, ऐंशी-जी, नीती आयोगाच्या दर्पणवर नोंद. कंपनी कायद्यात २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करणं बंधनकारक आहे, त्यासाठी २०२१ पासून आणखी एक अर्ज. कायदा म्हणतो, कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. वैरागच्या आसपास अशा कंपन्या आहेत कुठं? परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली. मोठ्या संस्थेनं घेतलेला परदेशी पैसा लहान संस्थेला पुढं देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा पन्नासवरून वीस टक्क्यांवर आली. पैसा खायला उठलेल्यांना आवर हवा, मान्य. पण शेळीला पैसा मिळतो आणि शेळीचा हिशोब लिहिणाऱ्याला मिळत नाही, ही खेड्यातल्या संस्थेची जुनी जखम आहे. हिशोबनिसाचा पगार म्हणजे प्रशासकीय खर्च. अण्णा आम्हाला फुकट मिळाले. ज्या गावात अण्णा नाहीत तिथं काय करायचं? कार्यकर्त्याला वही लिहायला शिकवण्यासाठी पैसा राखून ठेवणारे दाते मला तीस वर्षांत बोटांवर मोजण्याइतके भेटले. मला विचाराल तर पहिलं अनुदान त्याचंच द्यावं, शेळ्या नंतर.

भटक्या-विमुक्तांसाठी केंद्रानं फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘सीड’ योजना आणली. पाच वर्षांसाठी दोनशे कोटी. शिकवणी, आरोग्य विमा, उपजीविका, घर. चांगली आहे. पण योजनेच्या दारात जातीचा दाखला उभा. महाराष्ट्रात अनुसूचित जमातीला १९५० च्या आधीचा रहिवास दाखवावा लागतो, विमुक्त-भटक्यांना १९६१ चा. पालात राहणाऱ्याकडे १९५० चा कागद कुठला? आजीच्या नातवाच्या दाखल्यासाठी आम्ही शाळा, ग्रामपंचायत, तलाठी सगळं पालथं घातलं. तिच्या बापाचं नाव शेवटी सापडलं ते एका जुन्या पोलीस नोंदीच्या नकलेत. हजेरी देणाऱ्यांच्या यादीत. मी तो कागद तिला वाचून दाखवला. तिनं तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला आणि विचारलं, “बोटं हायत का ह्याच्यात?” बोटांचे ठसे नकलेत नव्हते. “बरं झालं,” म्हणाली.

अण्णा २००९ च्या उन्हाळ्यात गेले. शेवटच्या आजारातही त्यांनी मार्चअखेरची शिल्लक विचारली. काकूंनी दिवस झाल्यावर मला त्यांची टाकदौत दिली. ती अजून माझ्या टेबलावर आहे. दौत कोरडी आहे.

२०१२-१३ चा दुष्काळ सोलापूर जिल्ह्यात कसा होता हे इथल्या माणसाला सांगायला नको. जनावरं छावण्यांत, माणसं टँकरच्या रांगेत. त्याच वर्षी आमच्या मोठ्या दात्या संस्थेनं या भागातलं काम आवरतं घेतलं. पत्र नीट लिहिलेलं होतं, तीन महिन्यांची मुदतही दिली होती. आता पोरांच्या दुपारच्या भाकरीचं काय, हे वस्तीवर सांगायला मी वाचनाच्या दिवशी गेले. जमा बाजू वाचून झाली. एकच ओळ होती. नावे बाजू बरीच लांब. कुणी काही बोललं नाही.

आजी पंच्याहत्तरीला आली होती, दिसत कमी होतं. ती नातवाचा हात धरून पालात गेली आणि पाटीखाली झाकलेलं काहीतरी घेऊन आली. पाय बांधलेली कोंबडी माझ्या मांडीशेजारी ठेवली.

“ही लिही. जमेला.”

मी म्हणाले, “आजी, ऱ्हाऊ दे. तुलाच अंडी होतील.”

“लोकान्ची ज्वारी लिवली. म्हातारा सांगत हुता मला. माझं का न्हाई लिवायचं?”

मी वही उघडली. जमा बाजूला तारीख घातली आणि लिहिलं, ‘कोंबडी १, देणगी’. दर त्या दिवसाच्या बाजाराचा लावला. आणि नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचून दाखवलं.

“कोंबडी न्हवं,” आजी म्हणाली. “तलंग हाय ती. अजून अंड्यावर आली न्हाई. तलंग लिही.”

मी ‘कोंबडी’ या शब्दावर एक सरळ रेघ मारली, वर ‘तलंग’ लिहिलं, दर कमी केला आणि शेजारी सही केली. मग पुन्हा वाचलं.